आकडा, पद आणि पूर्वायुष्य : बैठ्या भूमिका-खेळांतील क्षुद्र नारकी जीवांची घडण

१. विषय आणि परिभाषा

कल्पित नरकाची ओळख सामान्यतः त्याच्या अधिपतीवरून करून दिली जाते. महाकाव्ये, नाटके आणि चित्रे यांचे लक्षही बहुधा त्या अधिपतीवरच खिळलेले असते. मात्र कोणत्याही नरकात संख्येने सर्वांत अधिक असतात ते अगदी तळाच्या पायरीवरचे जीव. त्यांना नाव नसते, स्वतंत्र कथा नसते आणि पुष्कळदा वाचाही नसते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका-खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे पुढील पन्नास वर्षांत जे कोशवजा वाङ्मय निर्माण झाले, त्यात तळाच्या या जीवांना हळूहळू नाव, काम आणि भूतकाळ मिळत गेला. प्रस्तुत लेखात त्यांच्या या घडणीचा मागोवा घेतला आहे. हे जीव प्रथम खेळाची एक व्यावहारिक गरज म्हणून, म्हणजे केवळ आकडा म्हणून आले. नंतर त्यांना नरकाच्या व्यवस्थेत पद मिळाले. आणि अखेरीस त्यांचे पूर्वायुष्य हाच कथनाचा विषय झाला, असे येथील प्रतिपादन आहे.

या खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. चार-सहा जण एका मेजाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग वर्णन करतो. इतर जण आपापल्या पात्राची कृती तोंडी सांगतात आणि त्या कृतीचे यशापयश फाशांनी ठरते. पात्रे जसजशी अनुभव मिळवतात तसतशी त्यांची पातळी वाढते. सूत्रधाराच्या हाताशी असलेल्या ग्रंथांपैकी प्रमुख म्हणजे 'मॉन्स्टर मॅन्युअल' हा जीवकोश. त्यातील प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात : एक आकड्यांचा आणि दुसरा वर्णनाचा. वाङ्मयीन दृष्टीने ही नोंद म्हणजे कोश आणि कथा यांच्या सीमेवरील एक स्वतंत्र रचनाप्रकार आहे. नोंदीतील वर्णन स्वतः कथा नसते, परंतु तिच्या आधारे शेकडो मेजांवर शेकडो कथा घडू शकतात. म्हणून नोंदीतील एका वाक्याचा बदलही दूरवर परिणाम करतो.

परिभाषेची अडचण येथेच नोंदवली पाहिजे. या ग्रंथांत नरकातील सर्व दुष्ट जीवांसाठी एक समूहवाचक संज्ञा आहे. तिला मराठीत 'राक्षस' म्हणावे तर 'राक्षस' हा या कोशातला एक निराळा, विशिष्ट जीव आहे. १९७७ च्या कोशात तो भारतातून आलेला मायावी मांसभक्षक म्हणून वर्णिला आहे, चित्रात त्याला वाघाचे मस्तक दिले आहे, आणि २०१४ च्या कोशात त्याचे मूळ थेट नरकातच दाखवले आहे. 'पिशाच' म्हणावे तर त्या शब्दाबरोबर अतृप्त वासनांची संपूर्ण लोककल्पना येते. जैन परंपरेत देव, मनुष्य, तिर्यंच आणि नारकी अशा चार गती मानल्या आहेत. त्यातील 'नारकी' हा शब्द स्थानवाचक आणि गतिवाचक असा दोन्ही असल्याने या लेखात 'नारकी जीव' अशी संज्ञा योजली आहे.

२. आधी थोर, मग क्षुद्र

विकास म्हटला की लहानाकडून मोठ्याकडे असा क्रम आपण गृहीत धरतो. येथे तो उलटा आहे. १९७४ च्या तीन पुस्तिकांत नारकी जीवांचा स्वतंत्र वर्ग नव्हता. टोल्किन यांच्या कादंबरीतून उचललेला बालरॉग तेवढा सुरुवातीच्या छपाईत होता; तोही पुढे काढून टाकण्यात आला. १९७६ साली 'एल्ड्रिच विझर्ड्री' ही पुरवणी निघाली आणि तीत नारकी जीवांचा पहिला गट अवतरला. त्यातील बहुतेकांना जातिवाचक नावेही नव्हती. प्रकार पहिला, प्रकार दुसरा असे प्रकार सहावा इथवर नुसते क्रमांक होते. त्यांच्या जोडीला सक्युबस ही मोहिनी आणि ऑर्कस व डेमोगॉर्गन हे दोन अधिपती. म्हणजे राजे आणि सरदार आले, प्रजा आलीच नाही.

प्रजा आली ती गॅरी गायगॅक्स यांच्या १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये. लेमूर, मानेस, लार्व्हा, इम्प आणि क्वासिट हे पाच क्षुद्र जीव या एकाच ग्रंथात आहेत. त्यांच्या आगमनाचे कारण प्रथमतः सौंदर्यात्मक नसून गणिती आहे. त्या वेळी या खेळात जीवाची ताकद आठ बाजूंच्या किती फाशांनी मोजावी हे ठरलेले असे. सहाव्या प्रकारच्या नारकी जीवाला आठ फासे आणि वर आठ गुण मिळत. नवख्या पात्रांची त्याच्याशी गाठ घालणे म्हणजे खेळ पहिल्याच बैठकीत संपवणे होते. याउलट मानेसला एकच फासा, इम्पला दोन फासे व दोन गुण, तर लेमूर आणि क्वासिट यांना प्रत्येकी तीन. म्हणजे ज्यांच्याशी लढून जिंकता येईल असा नरक खेळाला हवा होता, आणि क्षुद्र जीवांनी तो दिला.

गरज गणिती असली तरी तिची पूर्ती करताना गायगॅक्स यांनी नावे मात्र प्राचीन कोशांतून घेतली. क्षुद्र जीवांची वाङ्मयीन चर्चा खऱ्या अर्थाने सुरू होते ती येथून.

३. नावांचे ऋण आणि अर्थाचा ऱ्हास

लेमूर, मानेस आणि लार्व्हा ही तिन्ही नावे रोमन मृतात्म्यांची आहेत. मानेस म्हणजे रोमनांचे पितर. थडग्यांवरील लेखांच्या आरंभी त्यांना उद्देशून दोन अक्षरे कोरण्याची प्रथा होती. ते पूज्य होते. लेमूर हे अस्वस्थ मृतात्मे. त्यांच्या शांतीसाठी मे महिन्यात लेमूरिया हा विधी होई. मध्यरात्री गृहस्वामी काळ्या घेवड्याचे दाणे मागे टाकीत घरातून फिरे, असे वर्णन ओव्हिडच्या 'फास्ती' या काव्यात येते. लार्व्हा या शब्दाचा अर्थ भूत आणि मुखवटा असा दुहेरी होता. पूर्ण वाढलेल्या कीटकाचे रूप जिच्यामागे झाकलेले असते त्या अवस्थेला हा शब्द निसर्गशास्त्राने अठराव्या शतकात लावला.

खेळाच्या कोशात या तिघांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. पूज्य पितर असलेले मानेस अराजकाच्या अथांग नरकातील सर्वांत हीन जीव बनले. लेमूर हे वितळलेल्या मेणासारखे, जेमतेम मनुष्याकृती असे मांसगोळे झाले. लार्व्हाला तर भूत आणि कीटक हे दोन्ही अर्थ एकदमच चिकटले : देह अळीचा आणि मुख माणसाचे. ज्या मृतांना रोमन घराने दाणे टाकून का होईना दखल घेण्याजोगे मानले, त्यांची येथे केवळ कच्च्या मालात गणना झाली. पितरांशी असलेले कुटुंबाचे नाते गळून पडले आणि मृतात्म्याचा वाली कोणी उरला नाही. नावे टिकली, आदर गेला. क्षुद्रत्वाची ही पहिली पायरी होय.

इम्प आणि त्याचा जोडीदार क्वासिट यांची परंपरा वेगळी आहे. जुन्या इंग्रजीत 'इम्प' म्हणजे रोपाचा कोंब, कलम. त्यावरून अर्थ झाला अपत्य, आणि पुढे सैतानाचे पोर. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये चेटकिणीचा सेवक असलेला प्राणिरूपधारी दुष्टात्मा ही कल्पना कायद्यातही शिरली. १६०४ च्या कायद्याने दुष्टात्म्यांशी करार करणे आणि त्यांना खाऊ घालणे हा गुन्हा ठरवला. १६४५ ते १६४७ या काळात मॅथ्यू हॉपकिन्स याने चालवलेल्या खटल्यांतून अशा सेवकांची विचित्र नावे नोंदली गेली. १९७७ च्या कोशातील इम्प या परंपरेशी एकनिष्ठ आहे. तो कावळा, उंदीर, बकरा किंवा कोळी यांची रूपे घेऊ शकतो आणि दुष्ट मांत्रिकाचा सेवक होतो. १९८३ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल टू'मध्ये आलेल्या रटरकिन या क्षुद्र जीवाचे नाव तर १६१९ च्या बेल्व्हॉर खटल्यातील एका मांजराचे आहे. त्या मांजरावरून झालेल्या आरोपाने माणसे फासावर गेली होती. कोशातील रटरकिनचा त्या मांजराशी नावापलीकडे संबंध उरलेला नाही.

यावरून क्षुद्र जीवांचे दोन वंश स्पष्ट होतात. एक मृतात्म्यांचा : लेमूर, मानेस, लार्व्हा. दुसरा सेवकांचा : इम्प, क्वासिट. पहिल्याला वाचा नाही, दुसऱ्याला भरपूर आहे. पहिला झुंडीने येतो, दुसरा एकटा. मात्र १९७७ च्याच ग्रंथात या दोन वंशांना जोडणारा दुवाही आहे. इम्प आणि क्वासिट हे अशा मृतात्म्यांपासूनच घडवले जातात, असे तेथे सांगितले आहे. वरवर किरकोळ वाटणारे हे विधान पुढील सर्व विकासाचे बीज ठरले. कारण त्यातून असे सूचित झाले की चेष्टेखोर इम्पही कधीकाळी कोणी माणूस होता.

४. पद : नरकाची कचेरी

या खेळात प्रत्येक जीवाची वृत्ती दोन अक्षांवर ठरते. एका अक्षाच्या टोकांना सज्जन आणि दुष्ट, तर दुसऱ्याच्या टोकांना नियमनिष्ठ आणि स्वैर. त्यामुळे दुष्टांचेही दोन नरक झाले. नियमनिष्ठ दुष्टांचा नरक नऊ पातळ्यांचा, आणि स्वैर दुष्टांचा सहाशे सहासष्ट थरांचा. नऊ ही संख्या दान्तेच्या नरकवर्तुळांची आठवण करून देते. जेरियॉन आणि दिस यांसारखी नावेही त्याच काव्याशी नाते सांगतात. इम्प पहिल्या नरकाचा, क्वासिट दुसऱ्याचा. १९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये मांत्रिकाच्या वृत्तीनुसार त्याला कोणता सेवक लाभेल हे निश्चित केले. सेवक मारला गेल्यास स्वामीच्या पातळ्या घसरत. अशा रीतीने क्षुद्र जीव हा प्रथमच प्रतिस्पर्धी न राहता पात्राच्या नशिबाशी बांधला गेला.

नियमनिष्ठ नरक म्हटला की पदे आली. १९८३ च्या कोशाने नपरिबो, स्पिनॅगॉन आणि ड्रेच हे आणखी क्षुद्र जीव दिले व खालच्या पायऱ्या भरून काढल्या. ही वाढ चालू असतानाच बाहेरच्या जगात विरोध उभा राहिला. हा खेळ मुलांना सैतानपूजेकडे नेतो, असा प्रचार १९८० च्या दशकात अमेरिकेत जोराने झाला. परिणामी १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ कोशांतून नारकी जीव आणि त्यांची धार्मिक वाटणारी वर्गनावे वगळण्यात आली.

या वगळण्यातील एक अपवाद मात्र अर्थपूर्ण आहे. अधिपती गेले, सरदार गेले, पण इम्प आणि क्वासिट राहिले. १९९३ च्या 'मॉन्स्ट्रस मॅन्युअल'मध्येही इम्पच्या शीर्षकाखाली दोघांची नोंद आढळते. क्षुद्रत्व हेच येथे त्यांचे संरक्षक कवच ठरले असावे. ज्याच्याकडे कोणी भीतीने पाहत नाही त्याला हद्दपार करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. परीकथेतील खोडकर भुताशी असलेले त्याचे साधर्म्यही कामी आले असेल.

मोठे जीव १९९१ च्या 'आउटर प्लेन्स अपेंडिक्स'मध्ये परतले ते 'बाटेझू' आणि 'तनारी' अशा नव्या, बनावट नावांनी. जुन्या नावांभोवतीचे धर्मशास्त्र काढून घेतल्यावर जी पोकळी निर्माण झाली ती भरण्यासाठी समाजशास्त्र आले. जीवांची कनिष्ठ, मध्यम, श्रेष्ठ अशी श्रेणी लागली. लेमूर, नपरिबो, स्पिनॅगॉन एका नरकाच्या तळाशी आणि मानेस, ड्रेच, रटरकिन दुसऱ्याच्या. दोन्ही नरकांत अनादी काळापासून महायुद्ध चालू आहे अशी कल्पना याच ग्रंथात रुजली आणि १९९४ च्या 'प्लेनस्केप' या मालिकेने ती विस्तारली. युद्ध आले की शिपाई लागतात. क्षुद्र जीव आता खेळाडूंनी मारायचे लक्ष्य एवढाच न राहता त्याच्याच वरिष्ठांनी तोफेच्या तोंडी द्यायचा ऐवज झाला. बढती, पदावनती, हुकूम, शिक्षा या शब्दांनी नोंदी भरू लागल्या. सेन्सॉरच्या भीतीतून जन्मलेल्या या नामांतराने, कोणाचाही तसा हेतू नसताना, नरकाचे सर्वांत आधुनिक चित्र दिले : जिथे दुष्टता ही वासना नसून नोकरी आहे.

५. पूर्वायुष्य : मारला तो कोण होता?

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत जुनी वर्गनावे परतली. २००६ च्या 'फीन्डिश कोडेक्स' या दोन खंडांनी दोन्ही नरकांची तपशीलवार मांडणी केली. नियमनिष्ठ नरकाला वाहिलेल्या दुसऱ्या खंडात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. मृतात्मा ही या नरकाची संपत्ती आहे. त्याचा छळ हा निव्वळ क्रौर्याचा भाग नसून उत्पादनाचा भाग आहे. करार करून आत्मे मिळवणे, त्यांच्याकडून शक्ती पिळून घेणे आणि उरलेल्या चोथ्याचे लेमूर बनवणे अशी ही व्यवस्था आहे. १९७७ च्या कोशात रात्रजखिणी लार्व्हांचा व्यापार करीत. तो व्यापार येथे संपूर्ण अर्थशास्त्रात रूपांतरित झाला.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने मात्र याच्या नेमकी उलट दिशा घेतली. तिने एका फटक्यात पडणाऱ्या जीवांचा वर्ग नियमांत आणला. अशा जीवाला सहनशक्तीचा एकच गुण असतो. 'लीजन डेव्हिल' या नावाने नरकाचे शिपाई थव्याने या वर्गात आले. खेळाच्या गतीच्या दृष्टीने ही योजना सोयीची होती. परंतु तीत क्षुद्र जीव पुन्हा निखळ आकडा झाला, आणि तोही शक्य तितका लहान. आकडा आणि पूर्वायुष्य यांतील ताण या आवृत्तीइतका उघड इतरत्र क्वचितच दिसतो.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने दोन्ही टोके एकत्र आणली. आकडे अत्यल्प ठेवले : आव्हानाच्या मापात लेमूर शून्यावर, मानेस एक-अष्टमांशावर, ड्रेच एक-चतुर्थांशावर, इम्प आणि क्वासिट एकवर. वर्णनाने मात्र लेमूर हा दुष्ट माणसाचा नरकात पडलेला आत्मा आहे हे स्पष्ट सांगितले. वरिष्ठांच्या मर्जीने त्याला बढती मिळू शकते, हेही सांगितले. नरकात मेलेला लेमूर काही दिवसांनी पुन्हा उभा राहतो. त्याला कायमचे संपवायचे तर पवित्र जल किंवा पवित्र आशीर्वाद लाभलेला सज्जन मारेकरी लागतो. हा नियम मुळात १९७७ मधलाच. पण पूर्वी तो लढाई अवघड करणारा तपशील होता. आता त्याचा अर्थ बदलला. ज्याला मरणाचीही सुटका नाही असा हा जीव आहे, आणि त्याला खरोखर मारणे ही कदाचित दया ठरते.

हा अर्थबदल कृतीत उतरला तो २०१९ च्या 'डिसेंट इंटू अव्हर्नस' या साहस-ग्रंथात. त्यात नरकाच्या पहिल्या पातळीवर आत्म्यांची नाणी चालतात. प्रत्येक नाण्यात एकेक आत्मा कोंडलेला असतो आणि नारकी रणगाडे ती नाणी जाळून धावतात. खेळाडूंच्या पात्रांना त्या ओसाड भूमीतून प्रवास करायचा तर असे वाहन उपयोगी पडते. म्हणजे प्रश्न आता सूत्रधाराच्या वर्णनात राहत नाही. तो खेळाडूच्या हातात येऊन पडतो. नाणे टाकावे की न टाकावे? सत्कार्यासाठी निघालेल्यांनी एखाद्या अनोळखी पाप्याचा आत्मा इंधन म्हणून वापरावा काय? लार्व्हाच्या रूपात १९७७ साली नुसता उल्लेखापुरता असलेला आत्म्यांचा बाजार येथे नैतिक कसोटी झाला आहे.

६. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की या वाङ्मयात अर्थ पुष्कळदा गरजेच्या मागून येतो. नवख्या पात्रांसाठी दुबळा प्रतिस्पर्धी हवा म्हणून मानेस आला. तो एवढा दुबळा का, याचे उत्तर शोधताना त्याला भूतकाळ मिळाला. दुसरी गोष्ट, बाह्य दडपणही घडणीचे कारण ठरते. १९८९ चे वगळणे झाले नसते तर नरकाची कचेरी इतक्या बारकाईने उभी राहिली असती किंवा नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट अशी की या खेळाचा नैतिक विचार अधिपतींच्या नोंदींत शोधून सापडत नाही. ऑर्कस किंवा अस्मोडियस यांना ठार मारताना कोणाला प्रश्न पडत नाही. ते मूर्तिमंत दुष्टत्वच आहेत. प्रश्न पडतो तो ज्याला एकच फासा दिलेला आहे त्याच्यापाशी, कारण तो पूर्वी माणूस होता.

वीरकथेचा संकेत असा की नायकाच्या शौर्यासाठी अनेक अनामिकांनी पडावे. भूमिका-खेळ हा त्या संकेताचा वारसदार आहे आणि त्याने तो आकड्यांत बसवून अधिकच निर्विकार केला. तथापि त्याच्याच कोशांनी, आवृत्तीमागून आवृत्ती, त्या अनामिकांच्या नोंदीत एकेक वाक्य वाढवत नेले. ते वाढलेले प्रत्येक वाक्य खेळाडूच्या तलवारीचा हात क्षणभर थांबवते. क्षुद्र नारकी जीवांचा विकास मोजायचा असेल तर तो त्यांच्या वाढलेल्या ताकदीत मोजता येणार नाही. तिच्यात फारशी वाढ झालेलीच नाही. तो मोजावा लागेल त्या क्षणभराच्या थांबण्यात.